उसना बिल्ला

मी जात्याच भित्री. माहेरी फलटणकडं आमच्या मळ्यात साप निघाला की भाऊ काठी शोधायचे आणि मी पत्र्याच्या पेटीवर चढून बसायचे. आई म्हणायची, हिला हिच्यासारखाच भित्रा नवरा बघून द्या, दोघं मिळून तरी भितील. पण दिली ती साखर कारखान्यातल्या माणसाला. तिथं गेल्यावर कळलं की साप परवडला. साप निदान दिसतो तरी.

कारखाना सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठी. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, ऊस पुन्हा पुरुषभर उभा राहिला होता, आणि दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की उन्हाळा लागेपर्यंत ते थांबायचं नाही. कामगारांच्या चाळी कारखान्याच्या कुंपणाला लागूनच होत्या. दोन खोल्या, वर पत्रा, आणि शेजारच्या घराबरोबरची मधली भिंत पत्र्याला टेकायच्या आधीच संपलेली. एका घरात मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्या घरातला माणूस खोकायचा. भिंतीपलीकडं अक्का राहायच्या. माझ्याहून बऱ्याच थोरल्या, माहेर सीमेपलीकडचं, रागावल्या की तोंडात कानडी यायची. पहिल्याच दिवशी मी त्यांना अक्का म्हटलं, म्हणून त्यांचा नवरा माझा दाजी झाला. आमचे हे आणि दाजी एकाच खात्यात होते. ह्यांचं काम खाली, यंत्रांना तेल द्यायचं. दाजींचं वर, रसाच्या टाक्यांपाशी, लोखंडी माचावर उभं राहून चाकं फिरवायचं.

पाळ्या तीन, आणि त्या दर आठवड्याला फिरायच्या. एक आठवडा पहाटे जायचं, एक आठवडा दुपारी, एक आठवडा रात्री. अंगाला कसली म्हणून सवय लागायची नाही. भुकेच्या वेळी झोप यायची आणि झोपेच्या वेळी भूक. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडच्या बायका म्हणाल्या होत्या, पोरीनं नशीब काढलं, कायमची नोकरी, डोक्यावर कारखान्याचं छप्पर. छप्पर होतं खरं. त्याच्याखाली आम्ही दोघं एका वेळी जागे क्वचितच असायचो, एवढंच.

रात्रपाळी करून हे सकाळी यायचे आणि दारातल्या उन्हात भाकरी खायला बसायचे. खाता खाता हात थांबायचा. घास बोटांत, डोळे उघडे, आणि माणूस झोपलेला. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गेले. मी अशी किंचाळले की समोरच्या चाळीतले लोक बाहेर आले. हे दचकून उठले आणि म्हणाले, "काय गं, साप हाय का?"

चाळीतली पोरं आधी कुजबुजायला शिकायची आणि मग बोलायला. दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणाच्या ना कुणाच्या घरात रात्रपाळीचा माणूस झोपलेला असायचा. खिडकीवर घोंगडं, दारावर वाकळ. बादली जोरात आदळली की सगळ्या बायका त्या घराकडं डोळे वटारून बघायच्या. माझी लेक तेव्हा दोन वर्षांची होती. तीसुद्धा रडायच्या आधी खिडकीवरच्या घोंगड्याकडं बघायची.

मिलची घरघर मात्र कुणाला टोचायची नाही. ती रात्रंदिवस चालू असायची, भांड्यांत, भिंतीत, दातांत. उलट ती थांबली की चाळ जागी व्हायची आणि बायका दारात यायच्या. मिल बंद म्हणजे काहीतरी झालं. मिल चालू म्हणजे सगळं ठीक. माझ्यासारख्या भित्रीला तेवढा एक आधार होता, आणि तोही खोटा निघायचा होता.

कारखान्याचा एक नियम होता. भोंगा झाला म्हणून यंत्र सोडून निघता यायचं नाही. आपल्या जागी दुसरा येऊन उभा राहिला की मगच निघायचं. त्या दुसऱ्याला बदली म्हणत. बदली आला नाही तर त्याची पाळीही आपणच करायची, ह्याचं नाव डबल. आणि हंगामात बदली न येणं रोजचंच. कुणाच्या उसाला पाणी द्यायचं असायचं, कुणाच्या घरी लग्न, कुणी नुसताच अंगानं मोडलेला. डबलचा पगार जास्त मिळे, म्हणून सुरुवातीला सगळ्यांना गोड लागायचं. मग हळूहळू माणसं चिपाडासारखी दिसायला लागायची.

हे झोपेत विचारायचे, "बदली आला का?" मी म्हणायचे, "आला. तुमी झोपा." मग कूस बदलून गप्प व्हायचे. मी उत्तर दिलं नाही तर मिटल्या डोळ्यांनी उठून बसायचे आणि हात हवेतच काहीतरी फिरवत राहायचा. भिंतीपलीकडं अक्कांना सगळं ऐकू जायचं. नळावर भेटल्या की डोळे मिचकावून विचारायच्या, "काय गं, आला का न्हाई बदली शेवटी?"

ह्यांना उठवायचं कामही माझंच. हाक मारायचा प्रश्न नव्हता, आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, पण ते मांडवासाठी असतं, नवऱ्यासाठी नसतं. नुसतं "अवं" म्हटलं तर हे घोरणं एक सूर वर न्यायचे. हलवलं तर हात झिडकारायचे. पण कानाशी तोंड नेऊन "उठा, भोंगा झाला" म्हटलं की डोळे उघडायच्या आत पाय खाली यायचे आणि चपला चाचपायला लागायचे. खरा भोंगा झालेला असो वा नसो. मला त्याचं हसू यायचं. तेव्हा यायचं.

आता बिल्ल्याचं सांगते. गेटावर टाइम ऑफिस होतं, आणि तिथं एका फळीवर प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला अडकवलेला. आत जाताना बिल्ला न्यायचा, बाहेर येताना परत अडकवायचा. ज्याचा बिल्ला फळीवर नाही तो माणूस आत, असा कारखान्याचा हिशेब. एखाद्याला पाळी बदलून हवी असली तर अर्ज करायचा, पण रात्रपाळी केलेल्याला लगेच दिवसपाळी कुठला साहेब देणार? म्हणून लोकांनी आपली वाट काढली होती. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी पाळी उसनी आणायचे. आज तू माझ्या बिल्ल्यावर उभा राहा, पुढच्या आठवड्यात मी तुझ्या. टाइमकीपर मिलिटरीतून रिटायर होऊन आलेला, मिशीवाला, कडक माणूस. तो बिल्ला बघायचा, तोंड बघायचा नाही. मिल चालू राहिली पाहिजे ही काळजी त्यालाही होतीच.

त्या वर्षी थंडीत माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. आम्ही फलटणला गेलो तेव्हा दाजी ह्यांच्या बिल्ल्यावर उभे राहिले होते. तेव्हापासून ती उसनवारी ह्यांच्या डोक्यावर होती. "दाजीची पाळी फेडायची हाय," असं जेवताना म्हणायचे. मी म्हणायचे, "फेडाल वो, दाजी काय पळून चाललेत?"

ती वेळ रात्रपाळीच्या आठवड्यात आली. सकाळी भोंगा झाला, मी चहाचं आधण ठेवलं, आणि ह्यांच्याऐवजी दारात दाजी. आदल्या दिवशी डबल झालेली, डोळे तांबडेलाल, अंगात ताप. कामावर म्हणून निघाले होते ते अर्ध्या तासात परत आले होते. म्हणाले, "बाई, तुमचं मालक माज्या बिल्ल्यावर ऱ्हायल्यात. मी नगं म्हणत हुतो, ऐकंनात. डबा धाडून द्या तेवढा."

मी विचारलं, "रातभर उभं हुते, अन् आता तुमच्या जागंवर? वर?"

"व्हय. आजच्या दिवसाचं हाय," असं म्हणून दाजी आत गेले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले. मी आधण उतरवलं, भाकरी केल्या आणि डबे पोचवणाऱ्या बाईच्या पाटीत डबा ठेवला. वर, माचावर, ह्यांची सवय नाही, एवढं एकदा मनात आलं. पण मिल चालू होती. मी मिलच्या घरघरीवर विश्वास ठेवला आणि तांदूळ निवडायला बसले.

ऊन चांगलं वर आलं होतं. अक्का त्यांच्या उंबऱ्यावर माझ्या लेकीला पुढ्यात घेऊन वेणी घालत होत्या. मी माझ्या दारात, मांडीवर सूप. कारखान्याचा शिपाई सायकलवरून आला, अक्कांच्या दारापुढं उतरला आणि दाजींचं पुरं नाव घेऊन म्हणाला, "हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

अक्का म्हणाल्या, "व्हय."

"घरात थोरलं मानूस कोन हाय?"

चाळीत हा प्रश्न कुणालाही नको असायचा. माझ्या हातातलं सूप हलायचं थांबलं. अक्कांनी विचारलं, "का वो?"

"मालक वरनं पडल्यात. डोस्क्याला लागलंय. शुद्ध न्हाई. जीप सांगलीला निगालीय, गेटावर थांबवून आलोय. चला बिगीबिगी."

आतून दाजींचं घोरणं ऐकू येत होतं. अक्कांचा हात माझ्या लेकीच्या केसांत तसाच राहिला. त्यांनी शिपायाकडं बघितलं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

ते बघणं मी विसरू शकत नाही. आधी त्यात सुटका होती. आपला माणूस आत आहे, जिवंत आहे, घोरतो आहे, ह्याची सुटका. ती एका क्षणाची होती आणि मी ती पाहिली. त्याबद्दल मी अक्कांवर कधी राग धरला नाही, त्यांच्या जागी मी असते तर माझ्याही डोळ्यांत तेच आलं असतं. पण मग सुटका गेली आणि त्या डोळ्यांत माझ्यासाठी भीती आली, आणि तेव्हा मला समजलं की कोण पडलंय.

माझं तोंड उघडलं असणार, कारण अक्का उठून एका झेपेत माझ्यापाशी आल्या आणि माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. शिपायाला म्हणाल्या, "ही माजी भन हाय. हिला संगं घेती."

शिपायानं आतल्या घोरण्याकडं कान लावला. "आत कोन हाय?"

"दीर आलाय गावासनं," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या घराला बाहेरून कडी घातली. लेकीला पलीकडच्या म्हातारीच्या मांडीवर टाकलं. मी चालत होते की अक्का मला ओढत होत्या, ते मला आज सांगता येणार नाही.

मिल चालूच होती. माझा माणूस माचावरून खाली पडला आणि मिल एका श्वासाएवढीसुद्धा थांबली नव्हती.

जीपच्या मागच्या भागात हे आडवे होते. डोक्याला कुणाचा तरी पटका बांधलेला, तो एका बाजूनं भिजलेला. त्यांच्या खात्याचा म्हातारा मिस्तरी त्यांना धरून बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं, त्यानंच त्यांना उचललं होतं. मी चढले तशी त्यानं पुढं बसलेल्या ड्रायव्हरकडं नुसती डोळ्यानं खूण केली आणि माझ्या कानाशी म्हणाला, "पोरी, गप ऱ्हा. आता ह्येचं नाव काडलंस तर दोगांचीबी नोकरी जाती. दवाखान्याचंबी कारखाना मग बघत न्हाई. बिल्ल्यावर जे हाय तेच खरं धर."

मी विचारलं, "कसं पडलं?"

"उब्या उब्या डोळा लागला. कठड्याला टेकलं हुतं. म्या खालनं बघितलं, मला वाटलं वाकून काय बगतोय."

डोक्यापाशी अक्का बसल्या, कारण बायको त्या होत्या. मी पायांपाशी बसले. एका पायात चप्पल नव्हती. तळव्याला तेल आणि काजळी लागलेली. मी तो पाय पदराखाली धरला आणि सांगलीपर्यंत सोडला नाही. एवढंच मला करता येत होतं. शेजारीण पायाशी बसू शकते.

त्या वाटेवर माझ्या डोक्यात जे आलं ते कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहिते. मला वाटलं, हे वाटेत गेले तर? कुणाच्या नावानं जातील? कारखाना दाजी गेले म्हणेल. अक्कांचं कुंकू पुसायला बायका येतील, आणि माझं कपाळ तसंच राहील. सरणावर माझा नवरा असेल आणि मी शेजारणीसारखी लांब उभी असेन, आणि मोठ्यानं रडले तर लोक म्हणतील, हिला का एवढं? आणि आमचे हे फळीवर जिवंतच राहतील, कारण त्यांचा बिल्ला सकाळीच रात्रपाळी संपवून तिथं लटकलेला आहे. मरणाला मी भीत होतेच, पण ह्या गोष्टीला मी त्याहून भ्याले. माणूस जाईल तो जाईल, आणि तो गेला हे म्हणायची सोयसुद्धा मला राहणार नाही.

अक्काही भ्याल्या होत्या. त्यांचा एक हात ह्यांच्या खांद्यावर होता, दुसऱ्या हातात स्वतःचं डोरलं घट्ट धरलेलं. न मेलेल्या नवऱ्याच्या नावानं त्या एका जखमी माणसाच्या उशाशी बसल्या होत्या. ह्या खोट्याचा अपशकुन दाजींना तर लागायचा नाही? मधे एकदा त्यांनी डोरलं डोळ्यांना लावलं आणि कानडीत काहीतरी पुटपुटल्या.

दवाखान्यात खिडकीतल्या माणसानं अक्कांना विचारलं, "पेशंटचं नाव?" नवऱ्याचं नाव त्या घेत नव्हत्याच, आणि त्या रक्तानं भिजलेल्या पटक्यासमोर तर त्यांची जीभ उचललीच नसती. त्यानं पुन्हा विचारलं. मग मी पुढं झाले आणि दाजींचं नाव, बापाच्या नावासकट, खणखणीत सांगितलं. मला काय, मला ते नाव घ्यायला बंदी नव्हती. स्वतःच्या नवऱ्याचं नाव मांडवाबाहेर कधी न घेतलेली मी, दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव एका दमात घेऊन मोकळी झाले, आणि घेताना मला वाटलं की मी ह्यांना पुसून टाकते आहे.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पटका सोडला, टाके घातले, पापण्या उचलून बॅटरी मारली, दंडाला चिमटा काढला. हात ओढून घेतला तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यानं हाक मारली, दाजींच्या नावानं. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. तो अक्कांना म्हणाला, "आत रक्त साकळलेलं असू शकतं. हाकेला ओ देतोय का ते बघायचं. दुपार टळेपर्यंत ओ दिली नाही, तर डोकं उघडावं लागेल. हाक मारत राहा."

नर्सबाई हाका मारत राहिल्या. खणखणीत आवाज, दाजींचं नाव, पुढं राव लावून. प्रत्येक हाकेला अक्का दचकायच्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभी, आणि कितीतरी हाका झाल्यावर माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. ह्यांनी ओ का द्यावी? कुणी दाजींना बोलवत होतं, आणि दाजी इथं नव्हतेच. ह्यांना त्यांच्या नावानं अजून कुणी हाक मारलीच नव्हती, आणि त्या चुकीच्या हाकेवर ह्यांचं डोकं उघडायचं ठरत होतं. मी अक्कांकडं बघितलं. त्यांनाही ते तेव्हाच कळलं होतं.

नर्सबाई अक्कांवर वैतागल्या. "अहो, तुम्ही मारा की हाक. बायकोच्या आवाजाला माणूस लवकर उठतो."

"आमच्यात नाव घेत न्हाईत," अक्का म्हणाल्या.

"जीव मोठा की रीत मोठी?"

अक्कांनी मला खांद्याला धरून पुढं ढकललं. "ही मारंल. हिला चालतंय."

मी वाकले. ह्यांच्या कानाच्या पाळीवर वाळलेलं रक्त होतं. मी नाव घेतलं. ह्यांचं, खरं. हळूच, एकट्या त्या कानाला. अंगावरचं वस्त्र उतरवावं तसं मला झालं. ओ आली नाही. मी पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. नर्सबाईंनी मान वर केली. "काय म्हणताय तुम्ही? वेगळंच नाव घेताय?"

"घरचं नाव हाय त्येंचं," अक्का म्हणाल्या. हे खोटं त्यांच्या तोंडातून इतकं सरळ आलं की मलाच ते खरं वाटलं.

पण नावाला ओ नव्हती. आता चुकीची हाक म्हणायचीही सोय उरली नाही. मी जन्मात जे केलं नव्हतं ते केलं होतं आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. पुढं मी पुष्कळदा विचार केला, का? माझ्या तोंडून ते नाव ह्यांनी मांडवानंतर कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या आवाजाची आणि त्या नावाची ओळखच नव्हती. तेव्हा मात्र विचार वगैरे काही नव्हता. खिडकीतलं ऊन तिरपं झालं होतं, दोन माणसं ढकलगाडी घेऊन दारात आली होती, मिस्तरी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला होता. आणि रोज जे तोंडात असायचं ते आपोआप आलं.

मी म्हटलं, "उठा, भोंगा झाला."

आधी पाय हलले. दोन्ही. एक पाय खाटेवरून खाली आला आणि अंगठ्यानं फरशीवर चप्पल चाचपायला लागला. मग डोळे उघडले. ते कुणाकडंच बघत नव्हते. ओठ हलले, आवाज खरवडून आला.

"बदली आला का?"

मला उत्तर ठाऊक होतं. रात्र रात्र दिलेलं उत्तर. पण मी खाली बसून तो चाचपणारा पाय दोन्ही हातांत धरला होता. तेव्हा उशापासून अक्का बोलल्या. ज्यांच्या नवऱ्याची ती पाळी होती, ज्यांच्या घराला बाहेरून कडी होती, आणि ज्यांनी भिंतीपलीकडून हे विचारणं माझ्याइतकंच ऐकलं होतं, त्या.

"आला," त्या म्हणाल्या. "तुमी झोपा आता." आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या.

नर्सबाई डॉक्टरला बोलवायला धावल्या. ढकलगाडी परत गेली. डॉक्टरनं पुन्हा पापण्या उचलल्या, बोटं दाखवली, हात दाबायला सांगितला, आणि म्हणाला, "धोका टळला म्हणायला हरकत नाही. ह्यात मार किती आणि झोप किती, ते काही मला सांगता येत नाही." हे दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपले. मधून मधून उठवायला सांगितलं होतं. मी तेच शब्द म्हणायचे आणि दर वेळी पाय चपला शोधायचे. आता मला हसू येत नव्हतं. माणूस वाचला म्हणून मी देवाला हात जोडले, आणि तो कशाला उठला हे आठवलं की अंगावर काटा यायचा. बापानं ठेवलेल्या नावाच्याही खाली, जिथं मी कधी पोचले नव्हते तिथं, कारखाना जाऊन बसला होता.

हंगाम संपेपर्यंत हे दाजींच्या नावानं आजारी राहिले आणि दाजी ह्यांच्या बिल्ल्यावर कामाला गेले. मिशीवाला टाइमकीपर बिल्ला बघायचा, तोंड बघायचा नाही. उन्हाळ्यात मिल थांबली, दोघं आपापल्या नावात परत आले. ह्यांचा एक कान अधू राहिला. पुढच्या दिवाळीला बॉयलर पेटला आणि ते पुन्हा कामावर गेले. न जाऊन करणार काय?

मी मात्र ते भोंग्याचे शब्द परत उच्चारले नाहीत. उठवायची वेळ झाली की दाराची कडी लावायचे, ह्यांच्या पायाचा अंगठा दाबायचे, आणि चांगल्या कानाशी वाकून हळूच नाव घ्यायचे. पुन्हा कधी वेळ आली तर ह्या कानाला माझ्या तोंडचं नाव ओळखीचं असावं, एवढ्याचसाठी. कितीतरी आठवडे ते उठायचे नाहीत. शेवटी खांदा धरून हलवावं लागायचं, हात झिडकारले तरी. भिंतीपलीकडं अक्कांना सगळं ऐकू जात होतं, पण नळावर त्यांनी त्याची चेष्टा कधी केली नाही.

हंगाम निम्मा झाला असेल तेव्हा, एका दुपारी, मी वाकून नाव घेतलं आणि ह्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून "ओ" दिली. मी घाबरून दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग परत एकदा घेतलं.